सगळ्या बकऱ्यांना एक पळी

देवाच्या पळीनं मी गल्लीतल्या बकऱ्यांना जंताचं औषध पाजत असे. एक बकरी, एक पळी. बकरी केवढी आहे, गाभण आहे की कालपरवा दूध सुटलेलं पिल्लू आहे, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं होतं, जनावराच्या वजनाप्रमाणे द्यावे. मी ते वाचलं होतं. वाचता येतं म्हणूनच तर हे काम माझ्याकडे आलं होतं. पण वाचलं आणि सोडून दिलं, कारण छापणाऱ्यापेक्षा मला जास्त कळत होतं.

नातवंडांना मी माझ्या फजित्या पुष्कळ सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा धार काढायला बसले ती बोकडाखाली, ही तर दर सुट्टीत सांगावी लागते. बोकडानं मागे वळून माझ्याकडे कसं पाहिलं, ते करून दाखवावं लागतं. पळीची गोष्ट मात्र मी सांगत नाही. तीतही हसायला भरपूर आहे, पण ते शेवटपर्यंत पुरत नाही.

माझं माहेर मोताळ्याचं. वडील तहसिलीत कारकून. दूध आमच्या दाराशी लोट्यात यायचं. ते कुणाच्या अंगातून निघतं, ते जनावर खातं काय, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. लग्न होऊन आले ती देऊळघाटच्या पुढच्या एका गावात, जिथे एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून आपलं आपण चालायचं. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. मी मॅट्रिक पास. ते मी स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्या कुणाला विसरू देत नसे. पळीचा उद्योग केला तेव्हा माझी दोन्ही मुलं शाळेत जात होती, म्हणजे मी काही कोवळी पोर नव्हते. तीही सबब नाही.

शेजारी आपा. दोन्ही घरांत भिंत एकच. तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की खोकला आमच्याकडे. माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणायची, आणि मास्तरांची बायको म्हणून ती मला भाभी आणि अहो-जाहो. तिचा नवरा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा आणि बाजाराच्या दिवशी जीपवर गाठोडी टाकून गावोगाव जायचा. घरी आला तरी त्याच्या भुवयांवर कापूस असायचा.

आपाकडे पाच बकऱ्या होत्या. पाचही एका घरच्या. झालं असं, की आपाला पहिलं बाळ झालं तेव्हा तिची आई धाडहून एसटीनं आली, ती कापडी पिशवीत बकरीचं पिल्लू घेऊन. पिशवीतून फक्त डोकं बाहेर. कंडक्टरनं म्हणे पिल्लाचं अर्धं तिकीट फाडलं आणि पिल्लानं ते तिकीट तिथल्या तिथे खाऊन टाकलं. खरं-खोटं आपा जाणे, पण ही गोष्ट ती दरवेळी नव्यानं सांगायची. पुढे आई गेली. भाऊ नव्हता. धाडचं घर चुलत्यांनी पाडून नवं बांधलं आणि त्यात आपाला बसायला जागा उरली नाही. उरली ती त्या पिशवीतल्या पिल्लाची वंशावळ. मूळ बकरी मेली तेव्हा तिची एक लेक होती, कान फाटलेली, तिला सगळे म्हातारी म्हणायचे. म्हातारीच्या तीन लेकी आणि एक नात. सगळ्यांच्या कपाळावर एकसारखा पांढरा टिपका. आपा कधी हसत म्हणायची, "बाया ईदले माहेरी जातात भाभी. मी गोठ्यात जातो."

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या ओसरीत जनावरांच्या डॉक्टरचं शिबिर झालं. डॉक्टर तरुण होता आणि मनापासून बोलत होता. गवताच्या पात्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या असतात, बकऱ्या-मेंढ्या गवताबरोबर त्या गिळतात, पोटात गेल्यावर त्यांचे जंत होतात, जंत रक्त पितात, अंडी घालतात, ती अंडी लेंड्यांतून पुन्हा गवतात. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पहिल्या रांगेत वही उघडून बसले होते. शेवटी त्यानं औषधाची एक लहानशी बाटली वर धरली. "तुमच्या गल्लीत वाचता येणारं कोण आहे?"

त्याचं वाक्य संपायच्या आत मी उभी होते. माझ्यामागे आणखी कुणी उठलं होतं का, हे मी वळून पाहिलं नाही.

डॉक्टरनं मला दोनदा समजावलं. बकरीचं वजन अंदाजानं धरा, धरायचंच तर थोडं जास्त धरा, कमी नको. या बाटलीत सहा मोठ्या बकऱ्या होतील, बाकीच्यांसाठी दवाखान्यात येऊन दुसरी घेऊन जा. मी हो हो म्हटलं. गल्लीत बकऱ्या पंधरा. दवाखान्याला जायचं म्हणजे फाट्यापर्यंत चालणं, एसटीची वाट पाहणं, एक दिवस मोडणं. आणि सहा बकऱ्यांना पाजून उरलेल्या नऊंच्या मालकिणींची तोंडं कोण बघणार? मी आपली पंगतीत वाढायला शिकलेली. पहिल्या पानावर दोन जिलब्या आणि शेवटचं पान कोरडं, असं मोताळ्याला आमच्या घरी चालत नसे. घरात जाऊन देव्हाऱ्यातली तांब्याची पळी उचलली. ती पळी बरोबर पंधरा वेळा भरली, आणि बाटली विसळून जे पांढरं पाणी निघालं, ते पिल्लांना अर्धी अर्धी पळी. एक थेंब वाया नाही. मला तर धन्य झाल्यासारखं वाटलं.

पहिल्या बकरीनं निम्मं औषध माझ्या तोंडावर शिंकरलं. बाया लोळायच्या बाकी राहिल्या. मग आपा पुढे आली. बकरीचा जबडा कसा उचलायचा, गालफडात बाजूनं पळी कशी सारायची, ते तिनं दाखवलं. पुढच्या सगळ्या खेपांना बाटली धरायचं काम मी तिलाच दिलं. ती बाटली फिरवून फिरवून बघायची. एकदा म्हणाली, "भाभी, माह्यी म्हातारी अन हे पिल्लू, दोघीच्या वजनात तं..."

"आपा, नीट धरा, सांडेल," मी म्हटलं. "आणि आपल्याकडे भेदभाव नाही. सगळ्यांना सारखं."

आपानं बाटली नीट धरली.

संध्याकाळी सासूबाई दिवा लावायला गेल्या आणि पळी सापडेना. मी कबूल केलं. त्या दिव्याची वात तशीच हातात धरून म्हणाल्या, "अवं, माह्या देवाची पळी तू बकरीच्या तोंडात घातली? आता देवाले जंत झाले तं म्या कोनाले दाखवू?"

देवाला नवी पळी आली. जुनी माझी झाली. मी ती खिळ्याला टांगून ठेवली, डॉक्टर लोक गळ्यात नळी टांगतात तशी.

वाईट म्हणजे, पहिल्या वर्षी गुण आला. बकऱ्यांचे केस चमकायला लागले, ढाळ थांबली, दूध वाढलं. बाया मला वाळूक, शेंगा, कुणी पायलीभर ज्वारी आणून द्यायला लागल्या. मास्तर मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. ते टोमणा मारत होते, मी तो पदवीसारखा घेतला. हळदीकुंकवाला गेले तरी मी लोकांच्या गोठ्यात डोकावायची. एका बाईच्या मुलाची जीभ बाहेर काढायला लावून, याच्याही पोटात आहेत, असं सांगून आले. आज ती बाई मी असते, तर माझ्यासारखीला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

असं चार वर्षं. वर्षातून तीनदा. आता बाटली मी देऊळघाटच्या औषधाच्या दुकानातून आणवून घ्यायची, पण पळी तीच आणि हिशेब तोच. तिसऱ्या वर्षी बकऱ्या मलूल दिसायला लागल्या. मी म्हटलं, ऊन बाधलं. ढाळ लागली. मी म्हटलं, कोवळा पाला बाधला. मला सगळं बाधलेलं दिसत होतं, पळी सोडून.

चौथ्या वर्षी पाऊस उघडेचना. गावाबाहेर पाझर तलाव आहे, त्याच्या काठाला बोटभर उंचीचं हिरवंगार गवत माजलं. सगळ्यांच्या बकऱ्या तिथेच. एक धनगर मेंढ्या घेऊन दरसाल त्या बाजूनं जायचा. त्या वर्षी त्यानं मेंढ्या तळ्याला लावल्याच नाहीत. आम्ही बाया पाण्याला गेलो होतो तर लांबूनच म्हणाला, "बाई, त्या गवतात काई दम नाई. दव सुकल्याबिगर तं सोडूच नका. माह्या चार मेंढ्या गेल्या मागल्या मुक्कामाले." मी त्याला सांगितलं, आमच्याकडे औषध देतात. तो मेंढ्या हाकत डोंगराच्या अंगाला निघून गेला. त्याला पुढचं रान होतं. आमच्या बकऱ्यांना तेवढंच तळं.

मग एक दिवस मी आपाच्या गोठ्यात गेले, तर म्हातारीच्या मधल्या लेकीच्या जबड्याखाली मऊ, लोंबता फुगा आलेला. मोताळ्याच्या खाऊनपिऊन सुखी सावकारणींना असतो, तसा. आणि मी, चार वर्षांची डॉक्टरीण, काय म्हणाले असेन?

"वा आपा! तुमच्या बकरीला तर दुसरी हनुवटी आली. चांगलं मानवलंय हिला."

आपानं माझ्याकडे पाहिलं. "मानवलं? चार दिस झाले भाभी, हे उठत नाई." मग ती खाली बसली आणि बकरीच्या जबड्याखालचं ते पाणी तळहातानं हळूहळू वर सारायला लागली, जसं काही ते वर गेलं की परत येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरला बोलावणं पाठवलं. तो फटफटीवर आला. तोच शिबिरातला, आता थोडा जाडसर झालेला. त्यानं बकरीची खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढली आणि आम्हाला दाखवली. आत लाल-गुलाबी असायला हवं. वेचलेल्या कापसासारखं पांढरं होतं. पाचही बकऱ्यांच्या पापण्या त्यानं बघितल्या. म्हातारीची नात जरा गुलाबी, बाकी सगळ्या पांढऱ्या. "रक्तच राहिलं नाही अंगात," तो म्हणाला. "जबड्याखाली पाणी उतरतं ते त्यामुळेच. जंताचं औषध देत होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"पुरेसं? वजनाप्रमाणे?"

आपा माझ्या शेजारीच उभी होती. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "बाटलीवर लिहिल्याप्रमाणे."

एवढ्या वर्षांनी सांगते, त्या दोन शब्दांइतकं शुद्ध मराठी मी आयुष्यात बोलले नाही.

डॉक्टरनं मग तेच औषध, त्याच्या हातानं, पिचकारीनं मोजून पाजलं. एका बकरीला माझ्या तीन पळ्या गेल्या. मी मोजत होते. म्हणाला, दहा दिवसांनी लेंड्या घेऊन दवाखान्यात या, अंडी कमी झाली का ते दुर्बिणीखाली बघू. तोवर तळ्यावर सोडू नका, झाडपाला तोडून उंच टांगून घाला.

आपा रोज विळा घेऊन बांधाबांधानं सुबाभूळ, बोर, बाभळीचा पाला आणायला लागली. गोठ्यात दोर बांधून पाल्याच्या पेंढ्या टांगायची, आणि म्हातारीनं मान वर करून एक पान ओढलं की मला भिंतीपलीकडून ओरडून सांगायची, "भाभी, खाल्लं हो!" दहा दिवसांत असं ती चार-पाचदा ओरडली असेल. मधली लेक सातव्या दिवशी मेली. दहाव्या दिवशी पहाटे थोरली.

त्याच दिवशी मी लेंड्या घेऊन निघाले. आपाला म्हटलं, तुम्ही जनावरांपाशी थांबा. खरं कारण वेगळं होतं. डॉक्टर पुन्हा विचारील तेव्हा ती जवळ नको होती. लेंड्या मास्तरांच्या जेवणाच्या डब्यात घेतल्या, कारण झाकण घट्ट बसणारा दुसरा डबा घरात नव्हता. एसटीत शेजारी बसलेली एक आजी दोनदा म्हणाली, "काय हाय व बाई डब्यात? चिवडा?" मी म्हटलं, "दवाखान्यात द्यायचंय." "पेशंटाले?" "हो." ती हळहळली आणि तिनं पिशवीतून दोन पेरू काढून डब्यावर ठेवले, पेशंटासाठी. मी हसू दाबत होते. इतकं हसू आलं मला त्या दिवशी, की उतरताना पायरी चुकले आणि डबा रस्त्यावर सांडता सांडता वाचला.

डॉक्टरनं दुर्बिणीतून पाहिलं. मग मला बघायला लावलं. लंबगोल, काचेसारखी अंडी, एकमेकांना खेटून. मी म्हटलं, कमी झाली का? तो म्हणाला, जवळजवळ काहीच कमी नाहीत. "पूर्ण औषध देऊनही. असं व्हायला नको."

तो माझ्याबरोबरच गावात आला, कारण त्याला मेलेली बकरी बघायची होती. थोरलीला गावाबाहेर खड्ड्याकडे नेऊन ठेवलं होतं, पुरलं नव्हतं. तिचं पोट त्यानं उघडलं. बकरीच्या पोटाला चार कप्पे असतात, हे मला तिथे कळलं. चौथा कप्पा त्यानं चिरला आणि उलटा केला, तर आतल्या बाजूनं केसांसारखे जंत, बोटाच्या पेराएवढे, हजारोंनी. लाल आणि पांढऱ्या धाग्याला पीळ घालावा, तसा प्रत्येक. काही अजून हलत होते. ते लाल म्हणजे आपाच्या बकरीचं रक्त, इतकं मला तरी समजलं.

"बाई," डॉक्टर हात धूत म्हणाला, "आता खरं सांगा."

मी सांगितलं. पळी, पंधरा बकऱ्या, सगळं. तिथे दुसरं कुणी नव्हतं. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो दमल्यासारखा फटफटीवर बसला. मग म्हणाला, "अर्ध्या औषधानं नाजूक जंत मेले, दांडगे उरले. पुढची पिल्लावळ त्या दांडग्यांची. तुम्ही वर्षातून तीनदा चाळण लावलीत. आता या गल्लीत, त्या तळ्याच्या गवतात, सगळे तेच. पहिल्या दिवशी बोलला असतात तर मी हे औषध दिलंच नसतं, दुसऱ्या जातीचं दिलं असतं. दहा दिवस गेले ना आपले."

"दुसरं आता द्या की."

"देतो. जंत मरतीलही. पण रक्त मी कुठून आणू?"

दुसरं औषध त्यानं त्याच दिवशी पाजलं. रक्तवाढीचं टॉनिक दिलं, गुळाचं पाणी सांगितलं. आपानं सगळं केलं. धाकटी लेक चार दिवसांनी गेली. मग नात, जिची पापणी गुलाबी होती. तीच टिकेल असं सगळ्यांना वाटत होतं. पाच दिवस सुधारली, सहाव्या दिवशी तिचाही जबडा भरला. उरली म्हातारी. आपाचा नवरा कापूस झटकत मला म्हणाला, "भाभी, तुमी समजवा. जीव हाय तवर हलाल करू द्या म्हणा, कोनाच्या तोंडी तरी लागीन. मेल्यावर काय करता?" मी आपाला तसं म्हटलं. तिनं मान हलवली. "आईची हाय ते."

गल्लीतल्या इतर घरांच्याही पाचसहा बकऱ्या गेल्या. नवल म्हणजे, मला कुणी बोल लावला नाही. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं यंदाचा पाऊसच वाईट. उलट एक बाई दारात येऊन म्हणाली, "भाभी, तुमी पळी घेऊन या ना. तुमच्या हाताले गुण हाय." मी पळी खिळ्यावरून काढली आणि ज्वारीच्या डब्यात खोल खुपसली. पुढे कधीतरी ती दळणाबरोबर गेली असावी.

अजूनही ते तळं आहे. पाऊस उघडला नाही की काठाला तसंच गवत माजतं आणि जबड्याखाली तसंच पाणी उतरतं. आता औषधाच्या दुकानात बाटल्या चार जातींच्या मिळतात, आणि लोक त्या तशाच अंदाजानं, टोपणानं पाजतात. मी सांगायला जाते, अरे वजन धरा, जास्त धरा. तर म्हणतात, "आजी, तुमच्या टायमाले तं पळीनं होत होतं ना?" डॉक्टर म्हणाला होता, एकदा असे जंत रानात झाले की परत जुने होत नाहीत. तो कधीच बदली होऊन गेला. त्याच्या जागी दोन आले आणि गेले.

म्हातारी बाविसाव्या दिवशी सकाळी मेली. आपाच्या नवऱ्यानं आणि मास्तरांनी तिला गाद्या वाहायच्या हातगाडीवर घालून नेलं. मी गोठ्यात गेले. आपा खाली बसून खुंट्यांचे दोर सोडत होती. पाच खुंटे, पाच दोर. दोर तिनं स्वतः वळलेले होते, नवऱ्याच्या गादीच्या सुतळीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या घालून, बकऱ्यांच्या मानेला रुतू नयेत म्हणून. वर अजून पाल्याची पेंढी टांगलेली होती. पानं सुकून गेली होती.

मी तिच्यासमोर बसले आणि बोलून टाकलं. म्हटलं, आपा, औषध कमी पडत होतं. बाटलीवर वजनाप्रमाणे लिहिलं होतं. मी सगळ्यांना एक पळी दिली, आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुमच्यासमोर खोटं बोलले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही माझ्यावर विसंबलात. म्हटलं, तुमच्या आईच्या बकऱ्या मी मारल्या.

ती दोर गुंडाळत राहिली. पाचही दोरांचं एक भेंडोळं झालं, तेव्हा ते तिनं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली:

"मले वाचता येते, भाभी. धाडच्या शाळेत चार बुकं शिकली मी. तुमी बाटली माह्याच हाती देत होत्या ना, पहिल्याच खेपेले वाचलं होतं, वजनानं द्या म्हून. त्या दिवशी शाळेत डॉक्टरनं इचारलं, तवा मी बी उठली होती, पण तुमी पहिले उठल्या. मंग सारी गल्ली पाहून राह्यली, तुमी इतक्या खुशीत वाटून राह्यल्या, मी म्हटलं, आता चौघीत तुमाले कायले तोंडघशी पाडाचं. वाटलं, थोडं कमी गेलं तं काय होते. बस, एवढंच. आता रडू नका. हे दोर घेऊन जा तुमी, मजबूत हायेत. माह्या काय कामाचे."